मापाचे चेंबर, पण आहे कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बोगद्यांतील चेंबरवरचा कालच्या अंकातील लेख वाचून करमणूक झाली. रस्त्याच्या बोगद्यात कडेला जागा हातभर, त्यातूनच विजेच्या केबल, गटार आणि अग्निशमनाची पाइपलाइन न्यायची. म्हणून त्यांच्या तपासणी-दुरुस्तीसाठीचे प्रत्येक चेंबर जागेच्या मापाने कारखान्यात ओतून आणावे आणि रात्रीतून बसवावे, हे पटले. प्रस्तावित येरवडा-कात्रज बोगद्यातही तसेच करा, हा लेखकमहाशयांचा आग्रहही पटला. नंतर ते चेंबर सापडायचे कसे, तेवढे लिहायचे राहिले.

आमच्या बोळात दोन वर्षांपूर्वी काँक्रीट झाले. ठेकेदाराने ड्रेनेजचे चेंबर झाकणासकट गाडून टाकले. पहिल्याच पावसाळ्यात मैलापाणी जिन्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढले. आलेल्या मंडळींकडे पहार होती, नकाशा नव्हता. शेवटी आमच्या मातोश्रींना (वय ८७) खुर्चीसकट खाली आणले. ‘नळकोंडाळ्यापासून चार पावले, मग दिंडीदरवाजाकडे दोन,’ असे त्यांनी सांगितले. नळकोंडाळे जाऊन २० वर्षे झाली! तरी तिसऱ्या खड्ड्यात चेंबर लागले. पहिले दोन खड्डे अजून तसेच आहेत. एकात आम्ही तुळशीची कुंडी ठेवली आहे, निदान कोणी पडू तरी नये. झाकणावर ‘एचडी २०’ असे ठसठशीत उमटवलेले आहे, म्हणजे २० टन पेलणारे. मात्र आता ते रस्त्याच्या चांगले दोन इंच वर बसवले आहे, आणि माझी स्कूटर काही २० टनांची नाही. गुडघ्याला चार टाके पडले.

बोगद्यात पहार मारत चेंबर शोधायचे तर लेन बंद ठेवावी लागेल, आणि मातोश्री कुठेकुठे पुरणार? नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शहरात पाणी आणले. तो नळ असा की माणूस आतून चालत जाई, आणि त्याला उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी वर काढलेली बांधीव तोंडे, ठेवलेले. त्या काळी ‘अत्याधुनिक’ हा शब्द नसावा, म्हणून जमले असेल.

जाता जाता : त्या लेखात ‘टेलरमेड’ पाच वेळा आले आहे. ‘मापाचे’ लिहायला शाई जास्त लागते काय? आणि रविवारचे शब्दकोडे गेले तीन आठवडे नेमके घडीवर छापले जात आहे. आडवा शब्द ११ वाचताच येत नाही.

आपला,
एक जुना वाचक,
सदाशिव पेठ, पुणे ३०