नव्या वर्षाची तुझी यादी

लंडन, २८ डिसेंबर

चि. छोटूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू नव्या वर्षाचे संकल्प वाचून दाखवलेस. पहाटे पाचला उठणं, जिम, रोज तासभर कोडिंग, महिन्याला दोन पुस्तकं, इन्स्टाग्राम बंद. ऐकून फार बरं वाटलं. एकोणिसाव्या वर्षी माणसाने स्वतःकडून काही मागावं, यात हसण्यासारखं काहीच नाही. घरात कोणी ‘चार दिवसांचा उत्साह’ म्हणालंच, तर मनावर घेऊ नकोस.

पण एक विचारते. यातलं तुला स्वतःला काय हवंय? पाचला उठून काय करणार, ते तू सांगितलं नाहीस. जिम मित्रांनी लावली म्हणून लावायची आहे. पुस्तकांचा विषय निघाला तेव्हा मात्र तू थांबेचनास! अप्पा बळवंत चौकातून काय काय आणलंस, ते सगळं सांगून झाल्यावरच फोन ठेवलास. तो संकल्प तुझा आहे. बाकीचे आत्ता बाजूला ठेवलेस तरी चालतील.

आणि तो तुझ्या एकट्यापुरता ठेवू नकोस. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही आजीला बारीक अक्षर लागत नाही. पेपर उलगडते, मथळे बघते आणि घडी घालून ठेवून देते. मागच्या वेळी आले होते तेव्हा रोज बघत होते. तिला वाचून दाखव. संध्याकाळचा चहा झाला, कप विसळून ठेवला, की लगेच तिच्या खाटेशी बसायचं आणि पंधरा मिनिटं वाचायचं. आधी पेपर, मग तुझं पुस्तक.

चहाचं उगीच म्हणत नाही. इथल्या युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवयी कशा लागतात याचा अभ्यास केला होता. तो २०१० साली छापून आला. ९६ जणांनी आपापली एकेक साधी गोष्ट निवडली आणि ती रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला बांधून घेतली, म्हणजे नाश्ता झाला की अमुक करायचं, असं. गोष्ट अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक फार वेगळा निघाला: कुणाला १८ दिवस, कुणाला अंदाजे २५४, आणि मधला आकडा ६६. एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडे सांगतात, त्यावर विसंबू नकोस. एक जानेवारीपासून मोजलेस तर ६६ दिवस मार्चच्या पहिल्या आठवड्यात भरतात. फेब्रुवारीत कंटाळा आला तर आपल्यात जिद्दच नाही, असं ठरवून मोकळा होऊ नकोस.

त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे. एक दिवस बुडाला की तू वहीच बंद करतोस. सबमिशनच्या आठवड्यात वाचन बुडेल, बुडू दे. दुसऱ्या दिवशी चहा झाला की पुन्हा बस.

व्यायाम हवाच असेल तर जिमचे वर्षाचे पैसे एकदम भरू नकोस. रविवारी बाबांबरोबर वेताळ टेकडी चढ. त्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, आणि एकटे ते जात नाहीत. जाताना पाण्याची बाटली ने. उन्हाळ्यात वरच्या रोपांना घालता येईल. मोर दिसले तर मला फोटो पाठव.

कोडिंगचं परीक्षा झाल्यावर बोलू. आई-बाबांना साष्टांग नमस्कार, आजीला गोड पापा.

तुझी,
ताई

ता. क. आजीला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. उजव्या बाजूला बसून वाच, आणि सावकाश. अग्रलेख आधी वाच, तिला तोच लागतो.