शेवटच्या दोन ओळी

सांगली,
रविवार

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी जरा जास्तच बोलले. तू गप्प झालीस तेव्हाच कळलं होतं, पण जीभ थांबली नाही. तुझे बाबा म्हणतात, तू कागदावर बरी असतेस, तर पत्रच लिही. म्हणून बसले.

पारितोषिकाचा निबंध पंचतंत्रावरच लिही, हा काल माझा हेका होता. करटक आणि दमनक हे आपले दोन कोल्हे आधी पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत गेले, मग अरबीत कलीला आणि दिम्ना झाले आणि १२५१ च्या सुमारास कॅस्टिलियन, म्हणजे जुनी स्पॅनिश बोलू लागले. ते भाषांतर करवून घेणारा तिथला राजपुत्र अल्फोन्सो तेव्हा गादीवरही बसला नव्हता. तीस वर्षं वर्गात त्या गोष्टी शिकवल्या, त्यामुळे तू हे सांगितल्यापासून मी शेजारपाजारी सगळ्यांना ऐकवून झाले. पण काल तू म्हणालीस, "आई, मी भारतातली म्हणून इथे जो तो मला पंचतंत्रच विचारतो." रात्री झोप लागेना. सांगलीत बसून मीही तेच करत होते की!

मग तुझ्या खर्जांवरच्या निबंधाचा मराठी गोषवारा उघडला. खर्जा म्हटल्यावर मला आधी तंबोऱ्याचा खर्जच आठवला, हसू नकोस. मध्ययुगीन स्पेनमध्ये अरबीत किंवा हिब्रूत रचलेली घरंदाज कविता, म्हणजे मुवश्शह, आणि ती संपता संपता एकदम एखादी पोर आपल्या बोलीत बोलायला लागते. त्या शेवटच्या ओळी म्हणजे खर्जा, आणि खर्जा या शब्दाचा अर्थ बाहेर पडणं, हे तू लिहिलंस ते किती नेमकं आहे! "काय करू गं आई? माझा हबीब दारात आलाय." हबीब अरबी, बाकी ओळ स्पॅनिशच्या भाऊबंदांतली, आणि हाक आईला. हे वाचून मी दिवा मालवलाच नाही.

अभ्यासक सॅम्युअल स्टर्नवरचा परिच्छेद सर्वांत आवडला. १९४८ साली तो विशीतलाच होता. हिब्रू मुवश्शहांच्या टोकाला असलेल्या वीस खर्जा त्याने वाचून दाखवल्या आणि स्पेनमधल्या लोकभाषेतल्या गीतांची सुरुवात अकराव्या शतकापर्यंत मागे सरकली. तेही ग्रंथ लिहून नाही, एका लेखाने. "मी अजून कुणीच नाही" असं पुन्हा म्हणालीस तर हाच परिच्छेद तुला वाचून दाखवीन.

आता मास्तरीणबाई बोलतात. लिपीत ऱ्हस्व स्वर लिहिलेले नाहीत, त्यामुळे एकच ओळ चार विद्वान चार तऱ्हांनी वाचतात, हे तू छान समजावलंस. पण तुझं स्वतःचं वाचन त्यांच्यापेक्षा वेगळं कुठे, ते येतं थेट सातव्या पानावर. तोवर तू सगळ्यांना नमस्कार करत बसली आहेस. ते पहिल्या पानावर आण. मोठ्यांचा मान राखायला तळटीपा आहेत.

आणि जात्यावरच्या ओव्या काढून टाक. तो भाग माझ्यासाठी घातलास, हे मला कळलं, बरंही वाटलं. पण आजीने पहाटे दळताना ओवी म्हटली, ती तिची होती. खर्जातली मुलगी मात्र दरबारी कवीच्या कवितेत उभी आहे. त्याने ती ओळ कुणा बाईच्या तोंडून ऐकली की स्वतःच रचून तिच्या तोंडी घातली? याचंच उत्तर तू शोधते आहेस ना? मग ओवीशेजारी बसवून तू ते आधीच देऊन टाकतेस. परीक्षक ते धरतील. मी धरलं असतं.

निबंधावर नाव घालायचं नाही, असं तू म्हणालीस. तेही बरंच आहे. त्यांना ओळीच वाचाव्या लागतील.

डिंकाचे लाडू कुरिअरने पाठवलेत. मुदतीला बारा दिवस आहेत, त्यातल्या दहा रात्री तरी झोप.

ता. क. बाबा विचारतात, तो हबीब दारातच उभा राहिला की त्या पोरीच्या आईने त्याला आत घेतलं? मी म्हटलं, ओळ तिथेच संपते. त्यांना पटत नाही. तूच फोनवर समजाव.

तुझी,
आई