टर्बो बदलला, पण तो गेला कशाने?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आमच्या छोट्या डिझेल मोटारीचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा भाग, गेल्या वर्षी चार महिन्यांत दोनदा बदलावा लागला. पहिल्या वेळचा खर्च पूर्णपणे पाण्यात गेला आणि तो का गेला हे समजायला दुसरे गॅरेज गाठावे लागले. हा प्रश्न आता अनेक घरांत येणार आहे, म्हणून तो आपल्या वाचकांपुढे सविस्तर मांडत आहे. १ एप्रिल २०२० रोजी वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणारी बीएस-६ मानके लागू झाली तेव्हा मारुतीने डिझेल मोटारी बनवणे थांबवले आणि इतरही अनेक कंपन्यांनी लहान मोटारींतून डिझेल इंजिन काढून घेतले. त्यामुळे आज रस्त्यावर असलेल्या स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो यांसारख्या डिझेल गाड्या वयाने मोठ्या झाल्या आहेत. या चारही गाड्यांत बसवले गेलेले १२४८ सीसीचे इंजिन मूळ फियाटचे असून त्याचे उत्पादन आपल्या पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यातही होत असे. इंजिन दमदार आहे, याबद्दल दुमत नसावे. पण त्याला जोडलेला टर्बो स्वच्छ तेलाशिवाय जगत नाही.

आमची गाडी २०१२ सालची आहे आणि तिचे १,३८,००० किलोमीटर झाले होते. चिपळूणहून परतताना पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढू लागलो, तेव्हा तिचा पिकअप एकाएकी गेला, बॉनेटखालून रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखा बारीक आवाज येऊ लागला आणि मागे निळसर धूर दिसू लागला. कसेबसे कोयनानगर गाठले आणि तेथून गाडी टो करून आणली. गॅरेजमध्ये ‘टर्बो गेला’ एवढेच सांगण्यात आले, दुसरा टर्बो बसवला गेला आणि एका साध्या चिठ्ठीवर २६,००० रुपयांचा आकडा लिहून मिळाला. तो टर्बो नवा होता की रिकंडिशन केलेला, हे चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते आणि आम्हीही ते विचारले नाही. चार हजार किलोमीटरच्या आत तोच आवाज आणि तोच धूर पुन्हा सुरू झाला.

टर्बोची रचना समजून घेतली की असे का होते ते लक्षात येते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक छोटे चाक फिरते, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला असलेले चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते आणि म्हणून एवढेसे इंजिन भरलेली गाडी घाटावर ओढू शकते. लहान टर्बोचा हा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. एवढ्या वेगात तो धातूवर घासत फिरत नाही, तर त्याला आधार देणारे बुश आणि शाफ्ट यांच्यामध्ये असलेल्या तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. इंजिनातले तेल दाबाने एका बारीक पाइपातून वरून टर्बोत येते आणि खालच्या जाड पाइपातून आपल्या वजनाने परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्यात, पडते. तेल काही क्षण उशिरा पोहोचले, अपुरे पोहोचले किंवा काजळीने भरलेले पोहोचले, तर बुश झिजतात, शाफ्ट डगमगू लागतो, चाकाची पाती बाहेरच्या कवचाला घासतात आणि सीलमधून तेल हवेच्या मार्गात उतरते. म्हणजे टर्बो सहसा आपणहून मरत नाही, त्याला कोणीतरी उपाशी ठेवलेले असते.

दुसऱ्या गॅरेजमधील वयस्क मिस्त्रींनी आम्हाला शेजारी उभे करून एकेक भाग उघडून दाखवला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. निकामी झालेल्या टर्बोचा शाफ्ट उष्णतेने निळा पडला होता, आणि ही तेल न मिळाल्याची खूण आहे असे त्यांनी सांगितले. तेल नेणारा बारीक पाइप आतून जळलेल्या तेलाच्या कार्बनने इतका भरला होता की त्यातून जेमतेम टाचणी जात होती. चेंबर उतरवल्यावर तळाशी काळा चिकट गाळ निघाला आणि तेल शोषून घेणाऱ्या नळीची जाळी त्याच गाळाने अर्धी बुजली होती. टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर उलटा केला, तर त्यातून पेलाभर तेल बाहेर आले. पहिल्या गॅरेजने यांपैकी कशालाही हात न लावता त्याच पाइपावर, त्याच तेलावर दुसरा टर्बो जोडला होता. यात माझीही चूक आहे: दर १०,००० किलोमीटरला तेल बदलायचे असताना मी ते अनेकदा १५-१६ हजारांपर्यंत लांबवले होते. मात्र गाडी दुरुस्तीला आल्यावर ती चूक ओळखून मला सांगणे हे त्या गॅरेजचे काम होते.

या वेळी पाइप आणि त्याचा बोल्ट नवा घेतला, चेंबर व जाळी धुतली, इंटरकूलर आणि हवेचे पाइप आतून साफ केले, ऑइल फिल्टर व एअर फिल्टर बदलला आणि परतीचा पाइप मोकळा असल्याची खात्री करून घेतली. सर्व गॅस्केट नवी लावली, पण तेलाच्या तोंडाशी सिलिकॉनचा लेप लावू दिला नाही, कारण त्याचा सुटलेला तुकडा तेलाची वाट बंद करू शकतो. बसवण्याआधी टर्बोच्या तोंडात स्वच्छ तेल ओतून शाफ्ट हाताने फिरवला, नंतर इंजिन चालू होऊ न देता तेलाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारला आणि मगच इंजिन सुरू करून काही मिनिटे हळू चालू ठेवले. हजार किलोमीटरनंतर तेल व फिल्टर पुन्हा बदलले. या सगळ्याला टर्बोच्या किमतीच्या मानाने फार थोडा खर्च आला, आणि नेमका तोच भाग पहिल्या वेळी टाळला गेला होता.

प्रत्येक वेळी टर्बोच दोषी असतो असेही नाही. इंटरकूलरचा रबरी पाइप फाटला असला तरी पिकअप जातो, काळा धूर येतो आणि शिटीसारखा आवाज होतो, आणि तो पाइप बदलणे तुलनेने स्वस्तात होते. हवेच्या पाइपात तेलाचा हलका ओलावा दिसणे स्वाभाविक असते, तेवढ्यावरून टर्बो बदलण्याची घाई करू नये. शाफ्टला आडवा किंचित प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतोच. तो पुढे-मागे हलताना जाणवला किंवा पाती घासल्याच्या खुणा दिसल्या, तर मात्र टर्बो झिजला असे समजावे. याच इंजिनाच्या नव्वद अश्वशक्तीच्या प्रकारात टर्बोच्या आतली हलती पाती काजळीने अडकतात, तेव्हा काही वेळा साफसफाईनेही काम भागते.

एक धोका मात्र प्रत्येक चालकाला माहीत असायला हवा. टर्बोच्या सीलमधून तेल जास्त प्रमाणात इंजिनात गेले, तर डिझेल इंजिन त्या तेलावरच पळू लागते, त्याचा वेग वाढत जातो आणि किल्ली बंद केली तरी ते थांबत नाही. अशा वेळी बॉनेट उघडून वाकून पाहू नये. हाताने गिअर बदलण्याची गाडी असेल, तर ब्रेक घट्ट दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन बंद पडते. ते शक्य नसेल, तर सर्वांनी गाडीपासून दूर व्हावे. निळा धूर दिसत असताना ‘गावापर्यंत जाऊ’ म्हणून गाडी दामटणे यासाठीच धोक्याचे आहे. आम्ही त्या दिवशी कोयनानगरपर्यंत तेच केले, आणि आज ते आठवले की अंगावर काटा येतो.

गॅरेजचालकांना माझी विनंती आहे की, टर्बो बदलताना जुना कशाने गेला, हे त्यांनी बिलावर एका ओळीत लिहावे, बसवलेला भाग नवा की रिकंडिशन हे त्याच्या क्रमांकासह नोंदवावे आणि काढलेला भाग ग्राहकाच्या हाती द्यावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विकलेल्या वस्तूचे किंवा दिलेल्या सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. माझ्याकडे पक्के बिल नसल्यामुळे पहिल्या गॅरेजकडे दाद मागता आली नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणाऱ्या मुलांना टर्बो जोडण्याइतकेच तो का गेला हे शोधण्याचेही काम हाताने करायला मिळावे, असे मला मनापासून वाटते. आमचे दोन्ही निकामी टर्बो, निळा पडलेला शाफ्ट आणि कार्बनने भरलेला तो पाइप मी जपून ठेवले आहेत. आमच्या भागातील एखाद्या आयटीआयला ते शिकवण्यासाठी उपयोगी पडणार असतील, तर मी स्वतः नेऊन देईन.

आपला विश्वासू,
एक वाचक, कराड