फरशीवाल्यांनो, देव बरें करूं!

चवथीच्या आधी फोंड्यातल्या आमच्या घरच्या पॉलिश्ड पोर्सिलेन टाइल्सवरचा धुरकटपणा घालवणाऱ्या दोघा कारागिरांचे मनापासून आभार. आणि फरशी चमकवायच्या मेणाचा डबा विकायला साफ नकार देणाऱ्या हार्डवेअरवाल्या भाऊंचेही. पोर्सिलेन ०.५ टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, म्हणून मेण वरच राहते नि तांबडी माती धरून ठेवते, हे त्यांनी विक्री सोडून समजावले. (असे दुकानदार किती?) कारागिरांनी आधी साबणाचा साचलेला थर उतरवला, निम्मी चमक तिथेच परतली. मग लावलेला सीलर (छिद्रे बुजवणारा द्रव) चमक आणत नाही, पॉलिशमुळे उघडी पडलेली बारीक छिद्रे भरतो, म्हणून वर उरलेला सुकण्याआधी पुसायचा, असे ते सांगत होते. नाव विचारले तर नुसते हसले. आता सोलकढी सांडली तरी आई ओरडत नाही.