पाणीपट्टीच्या बिलावर पाण्याचा अहवालही छापा

महोदय,

पाणीपट्टीचे बिल घरपोच येते. त्यावर मागील थकबाकी असते, विलंब शुल्क असते, मुदतीत न भरल्यास नळजोड तोडण्याची तंबीही असते. पण ज्या पाण्याचे हे पैसे, ते पिण्याजोगे होते का, याबद्दल अवाक्षर नसते.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढू लागले आणि दूषित पाण्यावर संशय आला, तेव्हा कुठे पाण्यातल्या क्लोरीनची चर्चा घराघरांत पोहोचली. नांदेडच्या विहिरीचे पाणी शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता केवळ क्लोरीन टाकून पुरवले जात होते, हेही बहुतेकांना बातम्यांतूनच समजले.

याबाबतीत खेडी बरी म्हणायची. ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांचे वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, सर्वेक्षण होते आणि जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. जलसुरक्षक, म्हणजे पाण्यावर लक्ष ठेवणारा गावचा कर्मचारी, नळाचे पाणी परीक्षानळीत घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या रसायनाचे) थेंब टाकतो. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. रंगच आला नाही तर टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) पडलेले नाही किंवा वाटेतच संपले. यात न कळण्यासारखे काय आहे? शहरांतही नमुने तपासले जातात, पण निकाल फायलीत राहतात आणि नागरिकांच्या वाट्याला येते ते ‘पाणी उकळून व गाळून प्यावे’ हे ठरावीक आवाहन.

ते जंतूंपुरते ठीक. पण बोअरच्या पाण्यात नायट्रेट वाढले असेल, तर उकळून पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण उलट चढते. अशा पाण्यात कालवलेले बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना ते घातक ठरू शकते. म्हणून नेमके काय आढळले, हे सांगायला हवे.

बिलाच्या मागची बाजू बहुधा कोरीच असते. तिथे आपल्या भागातील शेवटच्या नळाला क्लोरीन किती (लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवे), ई-कोलाय (मैलापाणी मिसळल्याची खूण असलेला जंतू) आढळला का, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या आत आहे का, एवढे छापावे. अमेरिकेत सार्वजनिक पाणीपुरवठा करणाऱ्यांना असा वार्षिक अहवाल १ जुलैपर्यंत ग्राहकांना द्यावाच लागतो. नमुना दूषित निघाला, तर त्याच दिवशी एसएमएस यावा. थकबाकीचे एसएमएस येतातच की! आणि दुरुस्तीनंतर पाणी पुन्हा पिण्याजोगे झाले, हेही कळवावे. नाहीतर लोक दोन दिवस पाणी उकळतात आणि तिसऱ्या दिवशी आपल्या अंदाजानेच बंद करतात.

— एक पाणीपट्टीधारक, पुणे