अग्निशामकांच्या व्यायामाला ड्युटीतच वेळ द्या : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : राज्यातील अग्निशमन केंद्रांमध्ये सहकारी अग्निशामकाच्या मार्गदर्शनाखाली नियमित व्यायाम सुरू करण्याबाबत

माननीय महोदय,

एका महानगरपालिकेच्या अग्निशमन दलातून केंद्र अधिकारी म्हणून निवृत्त झालेला मी एक नागरिक आहे. राज्यातील प्रत्येक अग्निशमन केंद्रात, प्रत्येक पाळीत, त्याच पाळीतील एका अग्निशामकाला व्यायाम-प्रशिक्षक म्हणून तयार करावे, त्याच्या मार्गदर्शनाखाली होणारा व्यायाम हा ड्युटीचाच भाग मानावा आणि तसे लेखी आदेश आपल्या विभागाने काढावेत, एवढी एकच मागणी मी या पत्रातून करीत आहे.

भरतीच्या वेळी आपण उमेदवाराची कसून परीक्षा घेतो. त्याला धावायला लावतो, उंचावरून जम्पिंग शीटमध्ये उडी मारायला लावतो, माणसाच्या वजनाचा पुतळा खांद्यावर घेऊन पळायला लावतो. त्यातून निवडलेला तरुण प्रशिक्षण संपवून केंद्रावर रुजू होतो, आणि त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्याच्या शारीरिक क्षमतेची तशी विचारपूस बहुतेक ठिकाणी पुन्हा होत नाही. सकाळची परेड असते, होज (पाण्याचा पाइप) आणि शिडीची ड्रिल असते, संध्याकाळी मैदान असेल तर व्हॉलीबॉलही रंगतो. परंतु चाळिशी ओलांडलेल्या यंत्रचालकाची कंबर किंवा प्रमुख अग्निशामकाचा दम टिकावा म्हणून आखलेला व्यायाम यांपैकी कशातच नसतो. या नोकरीत तासन्‌तास वाट पाहायची असते, जेवणाची वेळ पाळता येत नाही, रात्रीची झोप तुटते. मग वर्दी, म्हणजे आगीची खबर, येते आणि बसलेल्या माणसाला काही क्षणांत बंबावर चढावे लागते.

या अचानक पडणाऱ्या ताणाचा हृदयावर काय परिणाम होतो, याचा अमेरिकेत बारकाईने अभ्यास झाला आहे. १९९४ ते २००४ या काळातील अग्निशामकांच्या मृत्यूंवर आधारित आणि २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, तिथे ड्युटीवर होणाऱ्या मृत्यूंपैकी ४५ टक्के मृत्यू हृदयविकाराने होत होते. प्रत्यक्ष आग विझवण्यात अग्निशामकांच्या कामाच्या वेळेपैकी जेमतेम १ ते ५ टक्के वेळ जात होता. हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ३२ टक्के मृत्यू मात्र नेमके त्याच वेळेत झाले होते. आकडे परदेशातील आहेत, हे खरे. परंतु भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयात गाठतो, हे आपल्याकडचे डॉक्टर वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, आणि आपल्या अग्निशामकाच्या वाट्याला मुंबई-ठाण्याची दमट हवाही येते. बीए सेट (धुरात श्वास घेण्यासाठी पाठीवर बांधायचे हवेच्या सिलिंडरचे उपकरण), फायर सूट, हेल्मेट आणि गमबूट मिळून २० किलोच्या आसपास भार अंगावर असतो आणि सूटच्या आत घाम सुकत नाही. करी रोडच्या अविघ्न पार्कमध्ये ऑक्टोबर २०२१ मध्ये लागलेली आग एकोणिसाव्या मजल्यावर होती, तर ताडदेवच्या कमला इमारतीत जानेवारी २०२२ मध्ये लागलेली अठराव्या मजल्यावर. आगीच्या वेळी लिफ्टचा भरवसा धरता येत नाही. अशा इमारतींची संख्या वाढत असताना एवढा भार घेऊन जिने चढणाऱ्या माणसाच्या तयारीचा विचार इमारतीच्या परवानगीइतकाच काटेकोरपणे व्हायला हवा.

उपायाचा आराखडा नव्याने शोधण्याची गरज नाही. अमेरिका आणि कॅनडातील अग्निशामकांची संघटना व तेथील दलप्रमुखांची संघटना यांनी १९९७ च्या सुमारास न्यूयॉर्क, सिएटल, कॅलगरी यांसह दहा दलांना सोबत घेऊन आरोग्य आणि व्यायामाचा संयुक्त उपक्रम उभा केला. दलातीलच अग्निशामकांना व्यायाम-प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र देण्याची पद्धत त्यातूनच पुढे आली. कामगार आणि व्यवस्थापन एका टेबलावर बसल्यामुळेच हा उपक्रम टिकला, असे माझे मत आहे. ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांतील ५९९ अग्निशामकांवरील अभ्यासात काही केंद्रांवर पाळीतील सहकाऱ्यानेच गटाची सत्रे घेतली, काहींना व्यक्तिगत समुपदेशन मिळाले, तर काहींना यांपैकी काहीच नाही. पहिल्या दोन्ही गटांत आहार सुधारला आणि वजनाची वाढ तिसऱ्या गटापेक्षा कमी राहिली. याचा अर्थ, ज्या दलाला प्रत्येकासाठी स्वतंत्र तज्ज्ञ नेमणे परवडत नाही, तिथे पाळीतला प्रशिक्षित सहकारीही उपयोगी ठरू शकतो. आपल्याकडे बहुतेक दलांची स्थिती हीच आहे.

सहकारीच का, याबद्दल मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण खरा प्रश्न इथेच आहे. बाहेरून नेमलेला प्रशिक्षक ठरलेल्या वेळी येतो आणि नेमकी त्याच वेळी पाळी वर्दीवर गेलेली असते. असे काही वेळा झाले की त्याचे येणे थांबते आणि खरेदी केलेली यंत्रे धूळ खात पडतात; हे मी नोकरीत स्वतः पाहिले आहे. पाळीतला प्रशिक्षक मात्र त्याच बंबावर जातो आणि त्याच बंबावरून परत येतो. रात्रभर गोदामाच्या आगीशी झुंजलेल्या माणसांकडून सकाळी काय करून घ्यावे आणि काय मुळीच करून घेऊ नये, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. पुढची वर्दी कोणत्याही क्षणी येऊ शकते, म्हणून माणसाला दमवून टाकणारा व्यायाम ड्युटीत करायचा नसतो, ही जाणही त्याच्याकडे असते. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचे पिणे अलीकडे वाढले आहे, हे अधिकाऱ्याच्या कानावर पोहोचण्याच्या कितीतरी आधी त्याला कळलेले असते. शिवाय कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडून आलेली कितीतरी मुले तालमीच्या मातीत वाढलेली असतात. जोर-बैठका, सूर्यनमस्कार, वाळूच्या बादल्या उचलून चालणे, भरलेला होज ओढणे, ड्रिल टॉवरचे जिने चढणे एवढ्या सामग्रीवर उत्तम कार्यक्रम बसतो. महागडी व्यायामशाळा ही पहिली गरज नव्हे.

तथापि, केवळ उत्साहावर हे सोडून देणे धोक्याचे ठरेल. सुरुवातीला प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. रक्तदाब, साखर आणि चाळिशीनंतर हृदयाची तपासणी यांशिवाय कोणालाही जिन्यावर धावायला लावू नये. प्रशिक्षकाला शरीररचना, दुखापत टाळणे, उष्माघाताची लक्षणे आणि प्रथमोपचार यांचे रीतसर शिक्षण द्यावे. त्यासाठी राज्याचे अग्निशमन प्रशिक्षण केंद्र आहे, आणि नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही आपल्याच राज्यात आहे.

यातील सर्वांत नाजूक बाब विश्वासाची आहे. क्षमता-चाचणीचे निकाल बढती, बदली किंवा शिस्तभंगाच्या कारवाईसाठी वापरले जाणार नाहीत, हे आदेशात स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे आणि व्यक्तिगत नोंदी वैद्यकीय अधिकाऱ्याखेरीज कोणाकडेही जाऊ नयेत. एकदा जरी एखाद्याचा निकाल त्याच्याविरुद्ध वापरला गेला, तरी दुसऱ्या दिवसापासून सगळी पाळी दुखणे लपवू लागेल आणि प्रशिक्षक साहेबांचा माणूस ठरेल. कर्मचारी संघटनांना मसुद्याच्या पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे, असा माझा आग्रह त्यामुळेच आहे. महिला अग्निशामकांमधूनही प्रशिक्षक निवडले जावेत आणि प्रसूतीनंतर कामावर परतणाऱ्यांसाठी वेगळा क्रम आखला जावा.

महोदय, संविधानाच्या बाराव्या अनुसूचीनुसार अग्निशमन हा नागरी स्थानिक संस्थांचा विषय आहे, म्हणून मोठ्या महानगरपालिका आपापल्या परीने काही ना काही करू शकतील. मला अधिक चिंता लहान नगरपरिषदांची वाटते, जिथे एखाद-दुसरा बंब, मोजकी माणसे आणि त्यांतही काही कंत्राटी असतात. कंत्राटी अग्निशामकालाही धूर तेवढाच लागतो. त्याला या कार्यक्रमातून वगळू नये, आणि जिथे माणसे फारच कमी आहेत तिथे शेजारच्या दोन-तीन नगरपरिषदांसाठी एक प्रशिक्षक द्यावा. राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये ५,००० कोटी रुपयांची योजना सुरू केली आहे. तिच्यातील प्रशिक्षणाच्या तरतुदीतून हा खर्च भागू शकेल का, हे आपल्या विभागाने तपासावे.

येत्या १४ एप्रिलला अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होण्यापूर्वी राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाकडून परिपत्रक निघावे, पहिल्या वर्षी मुंबई महानगर, एक मध्यम शहर आणि काही नगरपरिषदा निवडून तिथे काम सुरू व्हावे, आणि वर्षाअखेरीस दुखापती, रजा व ड्युटीवरील हृदयविकाराच्या घटना यांचा नावे वगळून तयार केलेला अहवाल विधिमंडळासमोर ठेवला जावा, अशी माझी आपणांस विनंती आहे. मसुदा तयार करण्याच्या कामी माझ्यासारख्या निवृत्त अधिकाऱ्यांची मदत लागल्यास आम्ही विनामोबदला उपलब्ध आहोत.

आपला नम्र,
एक निवृत्त केंद्र अधिकारी