पुराआधी उसाची ट्रॉली तपासा

महोदय,

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. ट्रॉलीकडे बघायची वेळ ती नव्हे. गळीत हंगाम संपला की उसाच्या ट्रॉल्या परड्यात उभ्या राहतात, टायर एकाच जागी दबून बाजूने चिरतात. २०१९, २०२१ सारखा पूर आला की त्याच ट्रॉलीत म्हातारीकोतारी आणि म्हसरं चढतात.

मे महिन्यातच चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे. खरखर आली किंवा चाक डुलले तर बेअरिंग धुऊन नवे ग्रीस भरावे. चाकाचा मधला भाग, म्हणजे हब, पाण्यात बुडाला की ग्रीस दुधाळ होते, म्हणून पूर ओसरल्यावर हेच काम पुन्हा. ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरला जोडताना हुकात पिनऐवजी सळी घालण्याची खोड तर मोडाच! लॉक असलेली जाड पिन आणि दांडीखाली जादा साखळी हवीच.

भरताना जड पोती आसाच्या थोडी पुढे ठेवावीत. वजन मागे गेले की दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाके घसरतात. जनावरांच्या पायाखाली पाचट अंथरावे, दावे आखूड बांधावे. माणसे आणि जनावरे एका खेपेत नकोत. फाळक्याला कडी लावून वर दोरही बांधावा. मागे लाल रिफ्लेक्टर हवेतच. वीज गेलेल्या रस्त्यावर ट्रॉली दिसत नाही.

रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर ट्रॅक्टर घालू नये. रिकामी ट्रॉली आधी तरंगते, मग ट्रॅक्टरला ओढते.

– काही ट्रॅक्टरचालक, करवीर